जाड वाळू

इरफानचा फोन आला तेव्हा मी तो मुद्दाम उचलला नाही. तीन आठवड्यांचा अबोला होता आमचा; बसू दे थोडं ताटकळत, असं वाटलं... अर्ध्या तासाने त्याच नंबरवरून पुन्हा वाजला, तेव्हा ऐटीत उचलला. पलीकडे त्याचा धाकटा भाऊ सलीम होता. "दादा, भाई गेला," एवढंच म्हणाला. चौतिसाव्या वर्षी, चहा पिता पिता. कुठं गेला, कधी येणार, असं मी मूर्खासारखं विचारत राहिलो. अजूनही मला ते पटलेलं नाही.

कराडला कॉलेजात असल्यापासून आम्ही दोघं व्हिडिओ गेम करायचो. चित्रं त्याची, गणित माझं. शेवटचा गेम कृष्णेच्या घाटावरचा, वाळूचा बांध घालून पाणी अडवायचा. चित्र सगळं ठिपक्याठिपक्यांचं. आणि वाळूचा प्रत्येक ठिपका खऱ्या कणासारखा घसरला पाहिजे, हा माझा हट्ट. इरफानचे ठिपके मात्र इतके बारीक, की पायरीवरचं शेवाळंसुद्धा दिसायचं. एवढे कण हलवताना साधा फोन धापा टाकायचा. ठिपका मोठा कर, म्हणून मी किती विनवलं असेल!

खरं तर हे त्याला माझ्याहून जास्त कळत होतं. कुपवाडला त्यांची लहानशी फाउंड्री, वाळूच्या साच्यात लोखंड ओतायची. साच्याची वाळू चाळतच तो मोठा झाला. "बारीक वाळूत माल गुळगुळीत येतो गड्या, पण वाफ अडकती. जाड घेतली की वाफ जाती, माल खरबरीत," हे त्यानेच मला शिकवलेलं. पण स्वतःच्या चित्रावर आलं की हटून बसायचा. शेवटच्या भांडणात मी म्हणालो, "तुझं चित्र भिंतीला लाव जा. गेम मी एकटा करतो." तो उठून चालता झाला. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं, हेही लिहून टाकतो.

इरफानचा चाळिसावा दिवस झाल्यावर सलीमने मला बोलावलं. फाउंड्रीच्या माळ्यावर इरफानचा कॉम्प्युटर तसाच होता. सलीमने तो लावला आणि खाली बघत म्हणाला, "पयला फोन भाईनंच केलता. वाळू जाड केली म्हणून सांगतो त्याला, म्हणत हुता. तुमी उचलला न्हाई, तर हसला. फुगलाय अजून, म्हणाला."

मी एकेक फाइल उघडत गेलो. दोन वर्षांची चित्रं त्याने मोठ्या ठिपक्यांनी पुन्हा काढली होती... सगळी. मी गेम सुरू केला. वाळू सरसर घसरली. सलीमच्या साध्या फोनवरसुद्धा कुठे अडली नाही. पायरीवर शेवाळं नव्हतं, नुसता एक हिरवा चौकोन होता. माझंच खरं झालं होतं, आणि मला तो चौकोन बघवेना.

"पयलंच चांगलं हुतं रं, इरफान," मी म्हणालो.