देवळं मोजायला निघालेले आम्ही चौघे

मावळ तालुक्यातलं एकेक देऊळ बघायचं, माहिती लिहून घ्यायची आणि पुस्तक काढायचं, असा आमचा साधा बेत. दर रविवारी निघतो. पुस्तकाचा अजून पत्ता नाही, किस्से मात्र इतके साठलेत की बायको म्हणते, "तेच छापा! देवळांपेक्षा जास्त खपतील."

आम्ही चौघे. मी भूगोलाचा मास्तर, आता रिटायर. जगताप सर माझ्याच शाळेत इतिहास शिकवायचे. ते देव मानत नाहीत, दगड मानतात. सुमनताई आरोग्य केंद्रात नर्स होत्या. निम्म्या तालुक्याला त्यांनी इंजेक्शनं टोचलीत, म्हणून कुठल्याही गावात चहा फुकट! आणि शंकरभाऊ, रेल्वेतून रिटायर झालेले, व्हॅनचे मालक आणि ड्रायव्हर.

सगळं लिहून तयार होतं, अडलं होतं ते एका पानावर. आंदर मावळात एक गाव आहे. (नाव नको, मला तिथं पुन्हा जेवायला जायचंय.) तिथल्या टेकडीवरची देवी म्हणजे शेंदराचा जाडजूड गोळा. सरांनी तरुणपणी एका लेखात लिहिलं होतं, की शेंदराखाली देवी नाहीच, लढाईत पडलेल्या कुणा वीराचा कोरीव दगड आहे, वीरगळ. गाव खवळलं! तेव्हापासून सरांची एकच इच्छा, तो दगड एकदा उघडा बघायचा. पुढं गुडघे गेले, टेकडी चढणं जड झालं, पण हट्ट काही गेला नाही.

* * *

पवन मावळात एका देवळापाशी एक म्हातारे मामा बसले होते. सरांनी विचारलं, "हे कुणी बांधलं?"

"पांडवांनी. येका रातीत."

त्या दिवसातलं हे चौथं देऊळ, आणि चारही पांडवांनी, चारही एका रात्रीत! सर वैतागले. "अहो मामा, जिथं जावं तिथं पांडव. पाच माणसं इतकी देवळं कशी बांधतील?"

मामांनी तंबाखू मळत सरांकडे बघितलं. "बारा वर्सं वनवास व्हता, गुरुजी. शेती न्हाई, नोकरी न्हाई. मानसानं करायचं काय?"

इतिहासाचा तास तिथंच सुटला.

* * *

शंकरभाऊ भाविक. रस्त्याकडेचा एकही देव सोडत नाहीत, आणि नमस्कार दोन्ही हातांनी! घाटात सुमनताई ओरडल्या, "भाऊ, एक हात देवाला, एक स्टेअरिंगला!"

"ताई, अर्दा नमस्कार देवाला चालत न्हाई."

"मग पुरा अपघात आम्हाला चालत नाही!"

शेवटी तोडगा निघाला. पुढच्या सीटवर बसणाऱ्यानं भाऊंच्या वतीनं हात जोडायचे. पुढची सीट गुडघ्यांमुळे सरांची. उर्शापासून लोणावळ्यापर्यंत आमचे नास्तिक सर भाऊंच्या नावानं नमस्कार घालत असतात. एखादा देव चुकला, की भाऊ गाडी स्लो करतात.

* * *

आता माझी फजिती. इंद्रायणी कुरवंड्याजवळ उगम पावते, हे मी जन्मभर शिकवलं. प्रत्यक्ष गेलो रिटायर झाल्यावर. दगडांतून पाण्याची बारीक धार येत होती. माझे डोळेच भरून आले. मुंबईची एक फॅमिली तिथं फिरत होती, त्यांनी विचारलं, "अंकल, हाच का ओरिजिन?"

झालं! मी काठीनं जमिनीवर नकाशा काढला. नदी इथून निघते, लोणावळ्यातून देहूला जाते, मग आळंदी... बायकांनी ते पाणी डोक्याला लावलं. एकानं बूट काढून व्हिडिओ घेतला. दोन बाटल्या भरल्या.

तेवढ्यात वरून एक शेतकरी आला. "गुरुजी, त्यो माजा पाइप फुटलाय. लय दिस झालं, दुरुस्त करायचाय. नदी तिकडं पल्याड हाय."

सगळी फॅमिली माझ्याकडे बघू लागली. शंकरभाऊंनी व्हॅन आधीच सुरू केली होती.

* * *

धरणाच्या पाण्यात बुडालेलं एक जुनं शिवमंदिर आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. हे सुमनताईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी ऐन दिवाळीत तिथल्या सरपंचांना फोन लावला, "रविवारी येतोय, देवळाची चावी कुणाकडे असते?"

"धरनाच्या सायबाकडं."

"मग त्यांना उघडून ठेवायला सांगा ना!"

"उघडत्याल की. पर मे म्हैन्यात या, न्हाईतर पवायला शिका!"

* * *

आता ती शेंदराची देवी.

शेंदूर काढायचा तर देवीचा कौल हवा, असं तिथले पुजारी आबा म्हणाले. देवीच्या दोन्ही अंगांना फुलाची एकेक पाकळी चिकटवायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पहिल्या वर्षी डावी पडली. दुसऱ्या वर्षी डावी. तिसऱ्या वर्षी सर गवंड्याची लेव्हलपट्टी घेऊन आले!

"आबा, दगड डावीकडे कलता आहे. डावीच पडणार."

"देवीला लेवल लावता व्हय, गुरुजी?" आबांचा आवाज चढला, पण त्यांनी स्वतः दुसऱ्या ताज्या पाकळ्या लावल्या. आम्ही दोन तास बसलो. एकही पडली नाही!

आबा म्हणाले, "इचार करतीया."

"फाइल वरच्या टेबलावर गेली म्हणायची," सुमनताई पुटपुटल्या.

परत येताना सर म्हणाले, "आता राहू दे. ते पान कोरंच छापू." फार वाईट वाटलं.

यंदा चैत्रात एका सकाळी सरांचा फोन वाजला. आबाच होते. "गुरुजी, लगोलग या. देवीनं खोळ टाकली." शेंदराचं कवच आपोआप सुटून पडलं होतं. आबांच्या किती पिढ्या देवीची पूजा करत आलेल्या. खाली नुसता मेलेल्या शिपायाचा दगड निघाला, तर पूजा कसली आणि पुजारी कसला? गुपचूप नवा शेंदूर थापला असता तर कुणाला कळणार होतं? पण माणसानं पहिला फोन सरांना केला. मला तर आबांचे पाय धरावेसे वाटले.

सरांचे दोन्ही हात आमच्या खांद्यांवर टाकून आम्ही त्यांना टेकडीवर चढवलं. सगळा गाव गोळा झालेला. आत वीरगळच! खाली गाई, मध्ये ढाल-तलवार घेऊन लढणारा वीर, आणि वर त्याच वीराला स्वर्गात नेत असल्याचं चित्र. सरांनी बोट टेकवून दाखवलं, "हा बघा आबा. वीर."

आबा दगडाजवळ गेले, डोळे बारीक करून वरपर्यंत बघितलं.

"व्हय, गडी हाय खरा," ते म्हणाले. "आन त्येच्या काखेत हात घालून त्येला वर कोन न्हेतंय?"

सरांनी चष्मा पुसला. वाकून बराच वेळ बघितलं.

"बाई आहे."

"मंग?" आबा कडाडले. "इतकी वर्सं म्या काय बोंबलतोय?"