कात्रीबाईंचा नियम

घरात पाऊल टाकलं की चपला काढायच्या आधी तिचा हात बटणांकडे जायचा. बाहेरच्या खोलीतला दिवा बंद, बाथरूममधला बंद, स्वयंपाकघरातला बंद. कोणी बसलंय की नाही हे बघायचं भान तिला राहायचं नाही. आतून नवऱ्याचा आवाज यायचा, "अगं, मी आहे इथं. अजून हयात आहे." मग ती दिवा लावायची, आणि चार पावलं गेली की मागं वळून बघायची, उगीच लागला नाही ना.

तिच्या पायाला भिंगरीच होती त्या दिवसांत. बसली तरी गुडघा हलत असायचा. भाजी चिरताना मध्येच उठून ती नळ घट्ट करून यायची, गॅसची ज्योत बारीक करायची, आणि परत येऊन बसल्यावर वाटायचं की नळ नीट बंद झाला नसावा.

कामावर तिला सगळे कात्रीबाई म्हणत आणि घरानंही ते नाव उचललं होतं. शाळांचे आणि दवाखान्यांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कापड कापायची. लांबलचक टेबलावर कापडाचे थर अंथरायचे, वर पुठ्ठ्याचे नमुने मांडायचे, खडूनं आखायचं आणि मशीन फिरवायचं. खरी अक्कल मांडणीत होती. बाहीच्या खांद्याशी कॉलर, खिशाच्या शेजारी पट्टी, असं एकमेकांत बसवत ती इतकं चपखल मांडायची की टेबलाखाली चिंधीसुद्धा जेमतेम पडायची. मालक पाहुण्यांना कौतुकानं सांगायचा, "हिच्या टेबलाखाली झाडायला काही उरत नाही." तिला ते ऐकायला आवडायचं. का आवडू नये?

घरावर कर्ज झालं ते नवऱ्याच्या दुकानापायी. फोटो काढून देणं आणि फ्रेम करून देणं, असं बरं चाललेलं दुकान होतं. त्यानं बँकेचं कर्ज काढून फोटो छापायचं मोठं मशीन आणलं, आणि नेमकं तेव्हाच लोकांनी फोटो छापायचं सोडलं. ज्याच्या त्याच्या फोनमध्ये लग्नं, बारशी आणि सहली साठू लागल्या. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं मशीनही बिघडलं. दुकान गेलं, मशीन भंगारात गेलं, हप्ते तेवढे राहिले. नवरा आता दुसऱ्याच्या दुकानात काचा बसवायचा आणि घरी आला की अपराधी चेहऱ्यानं ताट स्वतः घासून ठेवायचा. माणूस वाईट नव्हता, हिशेबाचा कच्चा होता एवढंच.

मग बँकेनं सांगितलं, वर्ष संपायच्या आत उरलेली रक्कम भरलीत तर दंडाचं व्याज माफ करू. त्या दिवसापासून कात्रीबाईंची झोप उडाली. तिनं सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं: नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सासरे.

सासऱ्यांना घरात रेडिओ म्हणत, तोंडावर म्हणत आणि तेही ओ देत. उभी नोकरी त्यांनी बसस्थानकात काढली होती. अमुक गावाला जाणारी गाडी तमुक फलाटावर लागली आहे, असं भोंग्यावरून सांगणारा आवाज त्यांचा. निवृत्त झाले तरी घोषणा थांबल्या नाहीत. दूध उतू जायला आलं की ते स्थानकातल्या सुरात सांगत, "स्वयंपाकघरातून सुटणारं दूध थोड्याच वेळात सुटत आहे." वयाबरोबर कान गेले तसं बोलणंही आटलं, मग कानाचं मशीन आलं, आणि रेडिओ पुन्हा सुरू झाला. कात्रीबाई कामावरून आली की ते दारापासून स्वयंपाकघरापर्यंत तिच्यामागून बोलत यायचे. खालच्या मजल्यावर कोण भांडलं, पेपरात काय आलं, त्यांच्या जमान्यात ड्रायव्हर कसे होते. ती अर्धं ऐकायची, पण दिवसभर मशीनच्या घरघरीत घालवल्यावर ते बोलणं तिच्या अंगावरून ऊन पाण्यासारखं जायचं.

त्या बैठकीत मात्र सगळं बिनसलं. नवरा मुलीला म्हणाला, शाम्पू कमी कर. मुलगी म्हणाली, तुमच्या सिगारेटींपुढे माझा शाम्पू काय. नवरा म्हणाला, मी कर्ज काढलं ते मजा मारायला नव्हे. टीव्हीची जोडणी तोडायची असं ठरलं आणि त्यावरून आणखी वाजलं. त्या गदारोळात रेडिओ सांगू लागले, बसस्थानकात एकदा अशीच तंगी आली होती तेव्हा आम्ही काय केलं. गोष्ट लांबत चालली. कात्रीबाईंचं डोकं ठणकत होतं.

"बाबा," ती म्हणाली, "बोलून कर्ज फिटत असतं तर आपलं कधीच फिटलं असतं."

रेडिओ हसले, मान हलवली आणि पुढे बोलले नाहीत. तिला लगेच वाईट वाटलं, पण शब्द बाहेर पडला होता आणि बैठक उरकायची होती. तेव्हाच तिनं नियम केला. ज्यानं त्यानं आपली एक गोष्ट सोडायची. वाचेल तो पैसा फळीवरच्या बिस्किटांच्या डब्यात टाकायचा. काय सोडलं ते सांगायचं नाही आणि दुसऱ्याला विचारायचं नाही. "म्हणजे कोणाचं मोठं आणि कोणाचं छोटं, हा वादच नको," असं तिनं बजावलं.

नियम चांगला होता. नवरा दिवसभर लवंगा चघळू लागला, त्यावरून त्याचं सुटलेलं काय ते शेंबडं पोरही सांगू शकलं असतं, पण कोणी बोललं नाही. मुलीनं केस वाढवले आणि आता तीच फॅशन आहे असं सांगू लागली. कात्रीबाईंनी बस सोडली. कारखान्यापर्यंत चालत जायची, चालत यायची, आणि चपलेचा तळ झिजतोय हा खर्च कुठं धरायचा याचा विचार करायची. रेडिओ पेन्शनच्या दिवशी डब्यात काही नोटा टाकायचे. डबा तिच्या अपेक्षेपेक्षा लवकर भरत होता.

फक्त रेडिओ बोलेनासे झाले.

पहिल्यांदा तिला वाटलं, होईल दोन दिवसांत. ती आली की ते गॅलरीत बसलेले असायचे, रस्त्याकडे तोंड करून. "आले हं बाबा," ती म्हणायची. उत्तर नाही. समोर गेली तर हसायचे, "आलीस?" म्हणायचे, आणि पुन्हा रस्त्याकडे वळायचे. एकदा ती किल्ली विसरली. बेल दाबून दाबून बोट दुखलं. आत ते होते, खिडकीतून त्यांचं डोकं दिसत होतं. उठले नाहीत. शेवटी मुलगी क्लासवरून आली तेव्हा दार उघडलं. त्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाठोपाठ रागही आला. एका वाक्याची एवढी शिक्षा?

"रुसलेत," नवरा म्हणाला. "राहू दे. लहानपणी मीही रुसायचो, ते मला विचारायला यायचे नाहीत."

"मी बोलायला नको होतं."

"अगं, माझे वडील ते. तुझ्यावर नाही राग धरायचे ते. माझ्यावर धरला असेल, दुकानामुळं."

म्हणजे नवऱ्यालाही तेच खात होतं. तो वडिलांच्या समोर जायचं टाळू लागला. मुलीनं एक-दोनदा आजोबांना काहीतरी विचारलं, त्यांनी भलतंच उत्तर दिलं, तेव्हा तिला वाटलं की ते मुद्दाम करताहेत, आणि तीही खोलीत जाऊन बसू लागली. टीव्ही नव्हता. घरात ताटल्यांचा आवाज व्हायचा आणि कात्रीबाईंच्या पावलांचा. इकडून तिकडं, तिकडून इकडं.

एका संध्याकाळी रेडिओ स्वयंपाकघरात येऊन शेंगा सोलत बसले होते. ती ओट्याशी पोळ्या लाटत होती, त्यांच्याकडे पाठ करून. तोंडावर विचारायचा धीर नव्हता म्हणूनच कदाचित तेव्हा विचारता आलं.

"बाबा, तुम्ही रागावलात का माझ्यावर?"

मागून शेंगा सोलल्याचा आवाज येत राहिला. तिनं वाट पाहिली. तव्यावरची पोळी करपली. उत्तर आलं नाही, आणि तिनं वळून पाहिलंही नाही. तिला उत्तर मिळालं होतं.

त्यानंतर कारखान्यात तिची एक मांडणी चुकली. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा. बाह्या सगळ्या डाव्याच कापल्या गेल्या. शेजारच्या टेबलावरच्या इस्त्रीवालीनं तिच्याकडे बघून हवेत बोट गोल फिरवलं. तिथं मशीनच्या आवाजात कोणाला काही ऐकू यायचं नाही, म्हणून बायका हातांनी आणि ओठांनी बोलत. गोल बोट म्हणजे, डोकं कुठं आहे? कात्रीबाईंनी कपाळावर हात मारला. पगारातून कापडाचे पैसे कापले गेले. जिवाला घोर लागला की हातही ऐकत नाहीत. ती रात्री नवऱ्याला म्हणाली, "कर्ज फिटेल हो, पण घरात बोलायला कोण उरेल?"

पण ते फिटलं. वर्ष संपायला थोडे दिवस असताना तिनं अर्धी रजा घेतली, घरी जाऊन डबा पिशवीत घातला आणि बँकेत रिकामा केला. खिडकीतल्या माणसानं नोटा मोजल्या, शिक्के मारले आणि "झालं" म्हणाला. एवढंच. तिला वाटलं होतं अंगावरचं ओझं उतरल्याचं काहीतरी कळेल. पाय तसेच भरभर चालत होते.

घरी आली तेव्हा रेडिओ गॅलरीत, पाठमोरे, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. कानाचं मशीन कानाला होतं. तिनं रिकामा डबा ओट्याच्या कडेला ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"बाबा, फिटलं. सगळं फिटलं."

ते उशीच्या खोळीची घडी घालत राहिले.

मग तिचा बांध फुटला. "एक वाक्य बोलले मी, बाबा. एकच. दमले होते, डोकं दुखत होतं. त्यापायी इतके महिने तोंडाला कुलूप? मी तुमच्या पाया पडले असते, पण तुम्ही तेवढी संधी तरी द्यायची. आजच्या दिवशी तरी एक शब्द बोला. शिवी द्या हवी तर."

खोळ झाली. त्यांनी टॉवेल उचलला, झटकला.

ती रागानं वळली, कोपर डब्याला लागलं, आणि पत्र्याचा रिकामा डबा फरशीवर आदळून गडगडत दारापर्यंत गेला. झाकण वेगळं, डबा वेगळा. खालच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "काय पडलं हो?" समोरच्या तारेवरची कबुतरं उडाली.

रेडिओ टॉवेलाची घडी घालत होते. त्यांचा खांदासुद्धा हलला नाही.

कात्रीबाई तिथंच उभी राहिली. मग हळूहळू चालत त्यांच्या समोर गेली. त्यांनी वर पाहिलं आणि चेहरा खुलला. "आलीस? आज लवकर? कळलंच नाही मला."

तिनं त्यांच्या कानाकडे बोट दाखवलं. त्यांचा हात पटकन कानावर गेला. तिनं तो बाजूला केला, मशीन काढून घेतलं आणि नखानं सेलची इवलीशी झडप उघडली. आत सेल नव्हता.

तिनं बोलायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की हे तर तिला रोज येतं. ओठ मोठे करून, हात फिरवून, कारखान्यातल्यासारखं तिनं विचारलं, "कधीपासून?"

"ते विचारायचं नाही," रेडिओ म्हणाले, जरा मोठ्यानंच. "ज्यानं त्यानं एक गोष्ट सोडायची आणि बोलायचं नाही. नियम तुझा. सेल महाग असतात गं, सारखे संपतात. म्हटलं, माझ्या ऐकण्यावाचून कोणाचं अडतंय? रिकामं मशीन घालून बसायचो, म्हणजे कोणाला संशय नको." ते हसले. "पहिले काही दिवस जड गेलं, आपलाच आवाज ऐकू येईना तर बोलावंसंही वाटेना. मग बघितलं, तर घरात कोणी फारसं बोलतच नव्हतं. कोणाचे ओठच हलायचे नाहीत. म्हटलं बरं झालं. वाया काही गेलं नाही."

ती मशीन मुठीत धरून जिना उतरली, चौकातल्या औषधाच्या दुकानापर्यंत जवळजवळ पळत गेली, आणि किंमत न विचारता सेलचं पाकीट घेतलं. येताना दम लागला होता, तरी थांबली नाही.

सेल बसवला. मशीन कानाला लागताच शिट्टी वाजली. रेडिओंनी डोळे मिटले, बोटानं नीट बसवलं, आणि थोडा वेळ नुसतेच ऐकत राहिले. नळ ठिबकत होता.

"नळ," ते म्हणाले. "नीट बंद करत नाही कोणी."

ती उठली नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा नळ ठिबकत असताना ती बसून होती. सांगायचं होतं की कर्ज फिटलं, पण तोंडातून निघालं ते जुनंच.

"बाबा, तुम्ही माझ्यावर रागावला नव्हतात?"

"कधी?"

"त्या बैठकीत. मी बोलले तुम्हाला. तेव्हापासून तुम्ही गप्पच झालात."

रेडिओंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं चुकीच्या फलाटावर उभ्या राहिलेल्या माणसाकडे पाहावं.

"मी रागावल्यावर गप्प बसतो?" ते म्हणाले. "इतकी वर्षं या घरात आहेस तू. मी कधी गप्प बसलोय? अगं, रागावलो असतो तर खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असतं."

तिनं पदरानं डोळे पुसले. रेडिओंनी घसा साफ केला आणि बसस्थानकाची ती अर्धी राहिलेली गोष्ट, तंगीच्या दिवसांतली, पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली.