साखरबाईंचा बिनपाण्याचा उपास

कोरेगाव भीमात साखरबाईंच्या शब्दाला वजन होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात धाकाचा वाटा जास्त होता. बाई एकदा हो म्हणाल्या की मागं फिरत नसत. त्यांचे मालक जयसिंग आबा चाळीस वर्षं हे सोसत आले होते, आणि आता चारचौघांत त्याची फुशारकीही मारायला लागले होते. दोघांचा नदीकाठी चार एकर ऊस आणि हायवेच्या अंगाला सहा खोल्यांची चाळ. कंपन्यांत कामाला आलेली बिहारकडची बिऱ्हाडं तिथं भाड्यानं राहायची.

दिवाळी सरली तशी चाळ ओस पडली. सगळी माणसं छठपूजेला आपापल्या गावी गेली. मागं राहिली फक्त तीन नंबरच्या खोलीतली सुनैना. महिन्यापूर्वी ती गाडीवरून पडली होती आणि उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. नवरा ट्रेलर घेऊन चेन्नईला गेलेला. साखरबाई तिला फोडणीचा भात द्यायला गेल्या, तर ही भिंतीकडं तोंड करून रडत होती.

"काय झालं गं? पाय दुखतोय व्हय?"

"पैर नहीं काकी. मेरा व्रत टूट जाएगा."

मग अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत सगळं बाहेर आलं. सुनैनाच्या सासूनं बावीस वर्षं छठ केली होती. गुडघे गेले तेव्हा, म्हणजे गेल्या वर्षी, तिनं तो वसा सुनेच्या पदरात घातला. एकदा घेतला की पुढच्या हातात सोपवेपर्यंत खंड पडू द्यायचा नाही. कंबरभर पाण्यात उभं राहून मावळत्या सूर्याला अर्घ्य द्यायचं, दुसऱ्या दिवशी उगवत्याला. प्लास्टर घेऊन नदीत कसं उतरायचं? तिच्या नावानं दुसरं कुणी उपास धरून उभं राहिलं तरी चाललं असतं, पण उभं राहायला चाळीत होतं कोण?

"मी हाय की," साखरबाई म्हणाल्या. "सूर्य काय एकट्या बिहारचा हाय? आमी पन रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालवतो, ते त्याच्यासाठीच. आन् उपासाचं म्हनशील तर सोमवार, चतुर्थी, एकादशी, मला काय नवं न्हाई त्यात."

खरन्याच्या, म्हणजे पहिल्या अर्घ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी दिवसभर काही खाल्लं नाही. संध्याकाळी सुनैनाच्या खोलीत गुळाची खीर आणि पोळी असा प्रसाद घेतला. तोंड पुसता पुसता त्या म्हणाल्या, "उद्यासाठी किलोभर साबुदाना भिजवलाय. दान्याचं कूट बी केलंय. तुला पन आनते वाटीभर."

सुनैनाचा हात जागच्या जागी थांबला. "काकी, अब कुछ नहीं खाना. पानी भी नहीं. परसों सूरज उगने तक."

"पानी न्हाई?"

"नहीं."

"आन् च्या?"

सुनैनानं नकारार्थी मान हलवली. दिवसाला सहा वेळा चहा पिणाऱ्या साखरबाई बोटांवर चहा मोजायला लागल्या. सुनैनाला त्यांची दया आली असावी. "रहने दीजिए काकी. आपको मालूम नहीं था. छठी मैया माफ कर देंगी."

माफीचा शब्द निघाला नसता तर बाईंनी कदाचित विचार तरी केला असता. "राहू दे कसं? शब्द दिलाय मी," त्या उठत म्हणाल्या.

घरी आबांनी कपाळाला हात लावला. "अगं, बासष्ट वय तुझं. चक्कर येऊन नदीत पडलीस म्हंजी?"

"मग वढा बाहेर. पवता येतंय न्हवं तुमाला?"

भिजवलेला साबुदाणा आबांच्या वाट्याला आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन वेळा खिचडी खाल्ली आणि तिन्ही वेळा बायकोकडं पाठ करून खाल्ली.

त्या दिवशी साखरबाईंनी आपल्याच शेतातले पाच ऊस पानासकट तोडून आणले. सुनैनाच्या सांगण्यावरून कणीक आणि गूळ मळून प्रसादाचे ठेकुआ तुपात तळले. जन्मभर तळताना एक तुकडा तोंडात टाकायची सवय, पण आज हात आवरला. दुपारी मात्र जरा घसरल्याच असत्या. आबांचा चहा कपात गाळला, सवयीनं स्वतःची बशी भरली आणि ओठांपर्यंत नेली. वास नाकात गेला तेव्हा भान आलं. बशी उष्टी न होता मोरीत ओतली गेली आणि बाईंचं डोकं दिवे लागेपर्यंत ठणकत राहिलं. त्यांनी या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही.

संध्याकाळी छोट्या टेम्पोतून सगळे भीमेच्या काठी गेले. सुनैना खुर्चीत, मांडीवर फळांनी भरलेलं सूप. साखरबाई कंबरभर पाण्यात उतरल्या, सूप हातात घेतलं आणि थांबल्या. "पोरी, मावळत्याला हात जोडताना मी कुनाला बघितलं न्हाई."

"दिनभर तपा है वो हमारे लिए," सुनैना म्हणाली. "जाते हुए को कौन पूछता है काकी? हम पूछते हैं."

साखरबाईंना ते मनापासून पटलं. आबांनी सुपापुढं दूध सोडलं. तो दिवस पार पडला.

पहाटे पुन्हा नदी. पण आज काठावर धुकं असं दाटलं होतं की पलीकडचा ऊससुद्धा दिसेना. सणसवाडीकडून आलेली दोन-तीन कुटुंबं मोबाईलवर सूर्योदयाची वेळ बघून अर्घ्य देऊन गेली. त्यात चूक काहीच नव्हती, आभाळ भरलं की वेळेवरच देतात.

साखरबाई हलल्या नाहीत. ओठांना चिरा पडल्या होत्या. आबा शेजारी उभे राहून काकुळतीला आले. तेवढ्यात सुनैनाच्या मोबाईलवर बिहारमधल्या सिवानहून सासूचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं कधीच उजाडलं होतं, म्हातारीच्या मागं ऊन दिसत होतं. सुनैना काठावरून ओरडली, "काकी, अम्मा बोल रही हैं, हो गया! निकल आइए!"

"तिकडचं तिकडं!" साखरबाईंचा आवाज घोगरा झाला होता, पण जोर तोच. "माझा सवताचा उपास असता तर ऐकलं असतं मी मोबाईलचं. पन ह्यो तुझा हाय. दुसऱ्याचं काम अर्धं करून कशी देऊ?"

सुनैना रडायला लागली. आबांनी बायकोच्या कोपराखाली हात धरला.

पाऊण तास गेला. मग पलीकडच्या उसाच्या शेंड्यांवर तांबूस रंग आला, धुकं विरळ झालं आणि सूर्याची कड दिसली. साखरबाईंनी सूप वर उचललं. सूप जराही तिरपं झालं नाही. आबांनी दूध सोडलं.

काठावर आल्यावर सुनैनानं त्यांना आधी आल्याचा तुकडा दिला, मग गुळाचं पाणी. साखरबाई ते घोटाघोटानं प्यायल्या आणि चिखलातच बसल्या. कॉल अजून चालूच होता. सासू काहीतरी पुन्हा पुन्हा सांगत होती.

"काय म्हनती गं?"

"कहती हैं, पाँव दिखाओ." उपास केलेल्या बाईच्या पाया पडल्याशिवाय ही पूजा पुरी होत नाही, हे सुनैनानं सांगितलं. तिला वाकता येत नव्हतं म्हणून तिनं मोबाईल आबांच्या हाती दिला.

साखरबाईंनी चिखलानं भरलेले पाय लुगड्याखाली ओढून घेतले. "अगं, येडी का काय! थोरल्या हायेत त्या माझ्यापरीस!"

"आज नहीं, काकी. आज आप बड़ी हैं."

आबा खाली बसले. बायकोचे पाय लुगड्याबाहेर घेऊन त्यांनी मोबाईल त्यांच्यापुढं धरला. पलीकडं, सिवानच्या अंगणात, म्हातारीनं दुखरे गुडघे टेकले आणि स्क्रीनवर कपाळ ठेवलं.