डिकीतला अंगठा

माझा धाकटा भाऊ डेंटर आहे. ठेचलेल्या गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करणं हा त्याचा धंदा, आणि त्यात त्याचा हात धरणारं आमच्या गावात कुणी नाही. हे मी बहीण म्हणून सांगत नाही. बहीण म्हणून सांगायचं तर तो हट्टी आहे, तुसडा आहे आणि सकाळी चहा मिळेपर्यंत त्याच्याशी बोलायची सोय नाही. पण गाडीच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे शब्द. सगळे त्याला उस्ताद म्हणतात. त्याचा शेंबूड मी पुसलेला आहे, त्यामुळे मी म्हणत नाही.

त्याच्या डाव्या अंगठ्याचं टोक तिरकं कापलेलं आहे. शिकाऊ असताना पत्र्याने उडवलं. ज्या म्हाताऱ्या कारागिराकडे तो शिकला, त्याने त्याला एक सवय लावली होती. काम संपलं की डिकीच्या आत, सांध्यावर ओलं सीलंट भरतात ना, त्यावर आपला अंगठा दाबून ठेवायचा. गिऱ्हाइकाला दिसू नये, आपल्याला मात्र सापडावा. ‘उद्या काम वाईट निघालं तर कानावर हात ठेवता येऊ नयेत म्हणून,’ असं म्हातारा म्हणायचा. भावाने सवय उचलली आणि कारण सोडून दिलं. तो आपला शान म्हणून अंगठा उठवत राहिला.

चार वर्षांपूर्वी एकदा तो आमच्याकडे जेवायला आला तो छाती फुगवूनच. जुन्या गाड्या विकणारा एक शेठ होता, त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्याने भावाला एकाच बनावटीच्या दोन पांढऱ्या गाड्या आणून दिल्या होत्या, एक पुढून चेपलेली आणि एक मागून. भावाने दोन्ही मधोमध कापल्या आणि हिचा धड अर्धा तिच्या धड अर्ध्याला जोडला.

“ताई, दोन मेलेल्यांची एक जिवंत केली,” तो म्हणाला. “जोड शोधून दाखवणाऱ्याला माझा हातोडा बक्षीस.”

मी हसले. त्याला आग्रह करकरून वाढलं. आमच्या ह्यांना म्हटलंसुद्धा, बघा, याला म्हणतात हात. त्या गाडीत उद्या कोण बसेल, हा प्रश्न त्या टेबलावर कुणालाच पडला नाही. मलाही नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी कुणावर रागावले तर मला शहाणी समजू नका.

तीन महिन्यांपूर्वी आमची स्वतःची गाडी गेली. हमरस्त्यावरच्या वळणाआड एक ट्रक बंद पडलेला होता. ह्यांनी ब्रेक दाबला, पण उशीर झाला होता. पुढचं सगळं यंत्र माझ्या गुडघ्यापर्यंत आलं आणि तिथे थांबलं. माझं मनगट मोडलं, ह्यांचा गुडघा. विमा कंपनीचा माणूस गाडीभोवती एक फेरी मारून ‘टोटल लॉस’ म्हणाला आणि पेनाला टोपण लावलं. भावाने मात्र तिच्या चुरगळलेल्या तोंडावर हात ठेवला.

“भली गाडी,” तो म्हणाला. “जिथे मोडायचं तिथे मोडली, जिथे टिकायचं तिथे टिकली. कारखान्यात तसंच घडवतात. एक सांधा जरी हलका असता ना ताई, तू आज नसतीस.”

त्या दिवसापासून मी एकाही गाडीत बसले नाही. बसने, नाहीतर पायी. दार लावल्याचा आवाज आला तरी दचकायचे.

पण माझी लेक आठव्या महिन्यात होती. पाच तासांवर राहते, गावाबाहेर, दवाखाना घरापासून चाळीस मिनिटं. जावई बोटीवर, दोन महिने तरी यायचा नाही. डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितलं होतं. आम्ही जायचं, तिच्यापाशी राहायचं, वेळ आली की तिला दवाखान्यात न्यायचं आणि बाळासकट परत आणायचं, असं ठरलं. म्हणजे गाडी हवी. म्हणजे मला गाडीत बसायला हवं.

आमच्या ह्यांची निवड ठरलेली होती. हे तीस वर्षं मोठ्या साहेबांचे पी.ए. होते. साहेब मागे ऐसपैस, हे पुढे ड्रायव्हरशेजारी, मांडीवर फायलींचा गठ्ठा. त्या लांब, जड, कातडी सीटच्या गाडीचं दार हे रोज उघडायचे आणि रोज साहेबांसाठी. आता तसलीच गाडी सेकंडहँड का होईना, पण घ्यायची, हे ह्यांच्या डोक्यात बसलं. ‘जड गाडी सुरक्षित असते,’ हे वर कारण. हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि नवऱ्याच्या हौसेला तर बायकोने अक्कल लावायची नसते.

“घ्या,” मी म्हटलं. “पण माझा भाऊ बस म्हणाला तरच मी बसेन.”

भावाच्या त्या शेठकडेच गेलो. त्याचं दुकान म्हणजे रस्त्याकडेची लांबलचक शेड. आत पुसून चकचकीत केलेल्या गाड्या, टोकाला काचेची खोली आणि खोलीत शेठ. गाडी गडद निळी होती. ह्यांनी तिला बघितलं आणि काठी दुसऱ्या हातात घेतली, का तर मोकळ्या हाताने दाराची मूठ धरता यावी म्हणून.

“एका घरातली गाडी आहे,” शेठ म्हणाला. “खरचटलेलीसुद्धा नाही. आणि तुमच्या घरात खुद्द उस्ताद असताना मी काय सांगणार? बघा की.”

भावाने खिशातून जुना मोजा काढला. त्यात लोहचुंबक असतं. पत्र्यावरून फिरवायचं, जिथे ठेच लपवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल तिथे ते चिकटत नाही. दार, छत, मागच्या चाकावरचा पत्रा, तो सावकाश फिरला. चुंबक सगळीकडे चिकटलं. बोटांच्या गाठींनी ठकठक करून त्याने आवाज ऐकला. होकाराची मान हलवली. मला जरा हायसं वाटलं.

मग त्याने डिकी उघडली, चटई उचलली आणि कोपऱ्यात कोपरापर्यंत हात घातला.

तो हात लवकर बाहेर आला नाही. मी बाजूलाच उभी होते. त्याच्या मानेची शीर तेवढी दिसत होती. शेठ काचेच्या खोलीकडे चहाची खूण करत होता. ह्यांनी विचारलं, “काय रे?”

“काही नाही,” भाऊ म्हणाला. चटई नीट पसरली, डिकी लावली. “ठीक आहे.”

“म्हणजे बसू?” मी विचारलं.

“ठीक आहे म्हटलं ना.”

हात स्वच्छ होते, तरी तो ते फडक्याने पुसत होता. माझ्याकडे बघत नव्हता. मला खरंच वाटलं की ही माझीच भीती आहे, आता मला सगळीकडे तेच दिसणार. मी मनाला दटावलं आणि मागचं दार उघडून आत बसले. हे पुढे बसले, किल्ली फिरवली. इंजिन इतकं हळू बोललं की ह्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. तीस वर्षांत असं तोंड मी पाहिलं नव्हतं.

“जागा बघितलीस?” हे म्हणाले. “तुझ्या शेजारी पोरगी आणि मधे बाळाची सीट. सगळ्यात चांगली जागा मागचीच.”

मी पट्टा शोधायला सीटच्या फटीत बोटं घातली आणि हाताला काहीतरी लागलं. लहान मुलीच्या केसांची पिन होती. पिवळी, वरच्या फुलाची एक पाकळी तुटलेली.

“हे बघ,” मी भावाला म्हटलं. तो माझं दार धरून उभा होता, लावायचं म्हणून. “लेकुरवाळी गाडी आहे रे.” मला धीर यावा म्हणून मी बोलत होते. तळहातावर पिन धरून त्याला दाखवली.

त्याने ती बघितली. दार लावलं नाही.

“उतर, ताई.”

“का?”

“उतर म्हणतो ना. भावोजी, बंद करा.”

मी कशी उतरले मला माहीत नाही. हात त्यानेच धरला असावा, कारण नंतर मनगट दुखत होतं. ह्यांनी इंजिन बंद केलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तसेच बसून राहिले.

“उस्ताद, काय झालं?” शेठ घाईने आला.

“ही माझी आहे,” भाऊ म्हणाला. “तेव्हा पांढरी होती.”

शेठ हसला. “तुमचे हात हजार गाड्यांना लागलेत. कुठली कुठली आठवेल?”

भावाने डिकी उघडली, चटई ओढून खाली टाकली आणि मला म्हणाला, “हात घाल. डावीकडे, वरच्या बाजूला.” मी घातला. कडक झालेल्या सीलंटमध्ये खळगा लागला. त्याचं एक टोक तिरकं होतं. लहानपणी रस्ता ओलांडताना मी तो अंगठा मुठीत धरायचे, तेव्हा तो अख्खा होता.

दोन मेलेल्यांची एक जिवंत. मला ते जेवणाचं टेबल आठवलं आणि माझं स्वतःचं हसणं ऐकू आलं.

“पण तू आत्ता ठीक आहे म्हणालास,” हे गाडीतूनच म्हणाले.

“खोटं बोललो.”

“का?”

“धंद्यासाठी,” भाऊ म्हणाला. “आणि लाज वाटली म्हणून. जोड मागच्या सीटच्या खालून जातो, भावोजी. दिसायला एकसंध आहे. जोराचा दणका बसला तर तिथेच सुटेल.”

आता शेठ हसत नव्हता. त्याने आवाज खाली आणला. “शांतपणे घ्या. कागदावर काही नाही. आणि बाहेर बोललात तर आधी नाव कुणाचं जाईल? मी गाड्या विकतो, पत्रा मी जोडत नाही. जोड तुमचा आहे, वर सहीसुद्धा तुमची. उद्यापासून तुमच्या दारात गाडी कोण लावणार, याचा विचार करा.”

भाऊ खरंच विचार करत होता. मला ते दिसलं, आणि त्या चार-सहा क्षणांत मला त्याची जितकी भीती वाटली तितकी त्या ट्रकचीही वाटली नव्हती. त्याच्या घरी तीन खाणारी तोंडं. शेठच्या गाड्या गेल्या तर गॅरेजात उरतं काय, हे मला माहीत होतं. तो गप्प राहिला असता तर आम्ही गाडी न घेता घरी गेलो असतो, आणि पुढच्या आठवड्यात ती दुसऱ्या कुणीतरी घेतली असती.

मग त्याने वरच्या खिशातला पेचकस काढला आणि दाराच्या चौकटीवर टेकवून खाली ओढला. निळा रंग सालीसारखा निघाला. खाली पांढरा, त्याखाली उघडा पत्रा, आणि पत्र्यावर आडवी, बोटभर रुंद, खडबडीत रेघ. शेठने त्याचं मनगट पकडलं. त्याने दुसऱ्या हातात पेचकस घेतला, पलीकडच्या बाजूला गेला आणि तिथलाही रंग खरवडला.

“हो, जोड माझाच आहे,” तो म्हणाला. “आता कुणालाही दिसेल.”

हे गाडीतून उतरले. दार हळूच लावलं, साहेबांचं लावायचे तसं.

शेडच्या बाहेर मी भावाला इतकं बोलले की रस्त्यावरची माणसं थांबली. जनाची नाही तर मनाची तरी ठेवायची होतीस, म्हटलं. मला आत बसवलंस, म्हटलं. माझं बोलून झालं तेव्हा मुठीत अजून ती पिन होती.

“चार वर्षं यात कोण बसत होतं?” मी विचारलं. “अशा आणखी किती केल्यास?”

तो पाठ फिरवून चालू लागला.

लेकीकडे आम्ही बसने निघालो. तिच्या शेजारणीची गाडी आहे, ती दवाखान्यात न्यायला तयार झाली, तेवढं निभावलं. भाऊ सामान पोचवायला म्हणून बरोबर आला. गॅरेज बंदच होतं, शेठ बोलल्याला जागला होता. हे डोळे मिटून बसले होते, झोपले मात्र नव्हते. भाऊ खिडकीशी. पुढे जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडे तो मान वळवून वळवून बघत होता.

अर्ध्या वाटेवर बस थांबली. थांब्याच्या कडेला एक पांढरी लांब गाडी उभी होती. मागच्या सीटवर दोन मुलं केळी खात होती. भाऊ उतरला, गाडीच्या मालकाशी काहीतरी बोलला. मालकाला ते विचित्रच वाटलं असणार, पण त्याने डिकी उघडली. भाऊ वाकला. कोपरापर्यंत हात आत. मी खिडकीची सळई धरून बघत राहिले. बसचा हॉर्न वाजला तरी तो वाकलेलाच होता.

परत येऊन तो माझ्याशेजारी बसला. दोन्ही हात मांडीखाली घेतले.

“नाही,” तो म्हणाला. “माझी नव्हती.”

बस सुटली. मग त्याने मी शेडबाहेर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

“सात केल्या, ताई. एक सापडली.”