पिठाचा महादेव
श्रीशंभूमहादेवास वंदन. आज श्रावणी सोमवार. पूजेचे पार्थिव शिवलिंग घडवण्यासाठी माती मळताना तिच्या ओल्या वासाने एक आठवण जागी झाली. काही वर्षांपूर्वी याच दिवशी सुनेने हळद आणि बिटाचा रस घातलेली कणीक चार वर्षांच्या नातीला खेळायला दिली होती. कोपरापर्यंत माखलेली ती पोर माझ्या पाटाशी धावत आली, "आजोबा, बगा, तुमचा महादेव!" मी सोवळ्यात होतो. "घाण हात! शिवू नकोस!" असे ओरडलो. ती दचकली आणि तिच्या हातातला कणकेचा गोळा पडला, चेपला. सून म्हणाली, "आवं मामा, तुमचं हात तरी कुटं स्वच्छ हायती?" माझीही मनगटे चिखलाने भरलेली होती. तेव्हापासून नात हात धुऊनच माझ्याजवळ येते. आज मी मातीचा गोळा तिच्यापुढे धरला, तर म्हणाली, "नको आजोबा, हात घाण होतील." वाचकहो, आपल्या घरची लेकरे माखल्या हातांनीच आपल्याकडे निर्भय धावत येवोत, हाच माझा आशीर्वाद.