शेवटचा भाग आणि पाण्याची पाळी

आमच्या वावराला कॅनॉलचं पाणी पाळीनं मिळतं. पाळी आली की दारं धरायला, म्हणजे भिजलेल्या वाफ्याचं तोंड बुजवून पुढच्याचं फोडायला, घरातलं कुणीतरी हजर पाहिजे. घरात लग्न असो नाहीतर ताप, पाणी थांबत नाही. तुम्ही नसाल तर ते खालच्याच्या उसात जातं, आणि खालचा काही ते परत आणून देत नाही. या पाण्यापायी माझा एका मालिकेचा शेवटचा भाग चुकला. तोही एकदा नाही, दोनदा.

नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी ती हिंदी मालिका लागायची. एक कुटुंब दुसऱ्या कुठल्या ग्रहावर काचेच्या घरात शेती करतंय. आई छोट्या यानात बसून पाण्याच्या शोधात जाते आणि तिचा संपर्क तुटतो. मग दर भागात पोरं रेडिओ लावून तिला हाका मारतात. आमचे वडील दारात उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, "कॅनॉल न्हाई, पाळी न्हाई, लई सुखाची शेती राव!"

त्याच वर्षी आमची आई काविळीनं गेली होती. आक्का माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. आम्ही दोघं पडद्याला नाक लावून बसायचो. त्या यानातल्या बाईनं परत यावं म्हणून मी लेण्याद्रीच्या गणपतीला नारळसुद्धा बोललो होतो.

शेवटच्या भागाच्या दिवशी वडील टोमॅटो घेऊन बाजाराला गेलेले, आणि नेमकं पाणी आलं. मी हटून बसलो. आक्का म्हणाली, "तू दारं धर. मी बघून सांगते." मालिका संपल्यावर ती बांधावर आली. मी घोटाभर चिखलात उभा.

"आली का गं?"

"आली. समदी जेवायला बसली."

नारळ मी इमानदारीत फोडला.

पुढं माझं लग्न झालं, मुलगी झाली, आणि मुलगी शाळेत जायला लागली तशी बायको तिला घेऊन पुण्याला गेली. भांडण म्हणावं तर मोठं नव्हतं. तिला गाव नको होतं आणि मला गाव सोडवेना. तोवर वडीलही गेले होते. मुलगी फक्त मे महिन्यात यायची. बाकी वर्षभर घरात मी आणि भिंती. भाकरी थापताना रेडिओ मोठ्यानं लावायचो, निदान कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून. फार एकटं वाटायचं. बायको परत येईल अशी आशा मी सोडली नव्हती, पण हे कुणाला सांगितलं नव्हतं. तिचा चहाचा कप तेवढा मी पाहुण्यांना द्यायचो नाही. एकदा मुलीनं विचारलं, "हा आईचा ना?" मी म्हणालो, "दांडी कच्ची आहे त्याची." तिनं दांडी हलवून पाहिली आणि कप परत ठेवला.

अशाच एका मे महिन्यात केबलवर ती जुनी मालिका रोज दुपारी लागायला लागली. आता बघताना यान म्हणजे सरळसरळ धान्याची पत्र्याची कोठी दिसायची. मुलगी हसून हसून लोळायची. पण मालिकेतली पोरं रेडिओपाशी गेली की ती गप्प व्हायची. "पप्पा, येते ना ती परत?"

"येते. अगदी शेवटी. सगळे जेवायला बसतात," मी स्वतः पाहिल्यासारखं सांगायचो.

शेवटच्या भागाला पाचच मिनिटं झाली असतील, बाहेरून शेजाऱ्याची हाक आली. "भाऊ, पाणी आलंय तुमच्या चारीला. धरताय, का सोडू खाली?"

कपाळावर हात मारला. मुलगी म्हणाली, "तुम्ही जा. मी बघून सांगते."

ती आली ती माझ्या मोठाल्या चपला घालून, बांधावरून फटक फटक करत. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "आली ती. सगळे जेवायला बसले." मला इतका आनंद झाला की संध्याकाळी केळं घालून शिरा केला. सुट्टी संपली, ती पुण्याला गेली.

दिवाळीत भाऊबीजेला पारगावला आक्काच्या सासरी गेलो. ती ओवाळत असताना मी हा किस्सा रंगवून सांगितला. तिचा हात थांबला.

"पोरीनं असं सांगितलं?"

"का गं?"

"आरं, ती बाई येतच न्हाई त्यात. पोरं रेडिओ बंद करत्यात आन संपतं. आपली आई नुकतीच गेली व्हती, तुला काय सांगू बांधावर? तू रडत बसला असतास आन पाणी खालच्याच्या उसात गेलं असतं."

आक्कानं थाप मारली ती आमच्या आईपायी. माझ्या पोरीनं कुणापायी मारली, हे मला कळलं होतं.

घरी येऊन तिला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणालो, "ती मालिका पुन्हा लागणार आहे म्हणे. शेवटचा भाग माझा राहिलाय, बघून घेतो."



"पप्पा, मी सुट्टीत येते ना, तेव्हा बघू. तुम्ही एकटे नका बघू."