उंदराचा उजवा कान

माझा वरचा पुढचा एक दात खोटा आहे. खरा होता तो ताईने लोखंडी जाळी मारून पाडला. तिच्याबद्दल बोलताना लोक आधी तिची हुशारी सांगतात आणि मग आवाज खाली आणून तिचा राग. मी आधी रागच सांगते, म्हणजे तो एकदाचा सांगून होईल. तसा तो होत नाही म्हणा, शेवटपर्यंत पुरतो.

मी विद्यापीठातल्या त्या प्रयोगशाळेत पीएचडीसाठी दाखल झाले तेव्हा ताई अडतीस वर्षांची होती. तिची स्वतःची पीएचडी होऊन नऊ वर्षं उलटली होती आणि दरवर्षी मुदत वाढवून मिळणाऱ्या जागेवर ती तिथेच चिकटून होती. प्रयोगशाळा सरांची, दारावरची पाटी सरांची, पण काम कसं करायचं ते विचारायचं ताईला. पोरं तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे चावरी.

नाव चपखल होतं, कारण आमचा विषयच चावणं हा होता. एका नर उंदराच्या पिंजऱ्यात दुसरा परका नर सोडायचा, घड्याळ चालू करायचं आणि दहा मिनिटांत पहिला चावा कितव्या सेकंदाला, कुठे, किती खोल, ते लिहायचं. बहुतेक नर पहिल्या मिनिटातच पाहुण्याचा समाचार घेत. पाठीवर, शेपटीच्या मुळाशी, आणि फारच माजलेला असेल तर थेट पोटाखाली. पांढऱ्या केसांवर रक्त फार लाल दिसतं. पहिल्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. चौथ्या आठवड्यात मी चावे मोजून, हात धुऊन, सरळ डबा उघडत होते.

सरांचा राग वेगळ्या जातीचा. ते फेकायचे. फाइल, खुर्ची, हाताला लागेल ते. मी रुजू झाले त्याच सकाळी एक काचेची बाटली माझ्या कानाजवळून गेली आणि मागच्या भिंतीवर फुटली. ती माझ्यासाठी नव्हती, मागे उभ्या असलेल्या मुलासाठी होती. सरांनी शांतपणे मला बसायला सांगितलं आणि "आमच्याकडे वातावरण मोकळं आहे," असं म्हणाले. मी मान डोलावली. करते काय? घरात शिकलेली पहिली मीच, आईने चार गल्ल्यांत सांगून ठेवलेलं.

ताईने पहिल्याच दिवशी मला मारायला शिकवलं. आमच्याकडे मारणं म्हणत नसत, "कमी करणं" म्हणत. उंदीर जाळीवर ठेवायचा, तो पुढे पळू बघतो, तेव्हा मानेमागे पेन्सिल दाबायची आणि शेपूट धरून एक झटका. टक असा बारीक आवाज येतो. माझा हात लटपटला. पहिला उंदीर मेला नाही, किंचाळला. ताईने माझ्या मनगटावर सणसणीत फटका दिला, उंदीर काढून घेतला आणि एका झटक्यात संपवला.

"घाबरत घाबरत मारतेस आणि त्याला दोनदा मरावं लागतं," ती म्हणाली. "एकदाच. जोरात. जमत नसेल तर वनस्पतीशास्त्र वरच्या मजल्यावर आहे."

मला जमलं. अजून जमतं.

एकदा तिची वही द्यायला मी सकाळी तिच्या घरी गेले. दोन खोल्या, एका खोलीत पलंगावर तिचे वडील. अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं, तोंड वाकडं. ती त्यांची दाढी करत होती. गळ्यावरून वस्तरा फिरवत मला म्हणाली, "यांचा पट्टा होता चामड्याचा. आम्ही तिघं भावंडं. बकलाच्या बाजूने मारायचे. रोज सकाळी यांच्या गळ्यावर माझा वस्तरा असतो, आणि रोज मी नुसती दाढी करते." वडील माझ्याकडे बघून अर्ध्या तोंडाने हसले. नवऱ्याबद्दल मी काही विचारलं नव्हतं, तरी तिने सांगून टाकलं, "त्याने एकदा मारलं, मी दोनदा. मग दोघांनीही विषय संपवला."

मग तिने वस्तरा पाण्यात खळबळवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "हे रक्तातून येतं का गं? मला तेवढंच बघायचंय."

ते बघायला तिच्याकडे एक गोष्ट होती. सहा वर्षांपूर्वी तिला एक नर सापडला होता, जो चावत नसे. परका आला की हा त्याला हुंगायचा, चाटायचा आणि कोपऱ्यात जाऊन झोपायचा. त्याला इजा नव्हती, आजार नव्हता. त्याची निम्मी नर पिल्लंही तशीच निघाली, म्हणजे ते वंशात उतरत होतं. नेमका बदल कुठे झालाय ते अजून सापडायचं होतं, म्हणून वंश जिवंत ठेवणं भाग होतं. ताईने सहा वर्षं तो ठेवला. पण गरीब नरांचं जे होतं तेच होत गेलं. परीक्षेत सोडले की दुसरे त्यांना फाडत. एकदा साथ आली. वीर्य गोठवून ठेवायला टाकीत जागा मागितली, तर सर म्हणाले, टाकीत माझं सामान आहे. माझ्या दुसऱ्या महिन्यात दोनच नर उरले, बारा नंबर आणि एकवीस नंबर. एकाच पिंजऱ्यात, कारण ते भांडतच नव्हते. बाराला पिल्लं होत नव्हती. सगळी मदार एकवीसवर, आणि त्या दिवशी दुपारी तो मादीजवळ सोडायचा होता.

सकाळी ताईने मला कमी करायची यादी दिली. अख्खे पिंजरेच्या पिंजरे, एकूण चाळीस उंदीर. फक्त एका पिंजऱ्यातून एकच काढायचा होता. बारा नंबर.

आमच्या उंदरांचे नंबर कानांवर असत. तोवर माझं पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीवरच भागत होतं, कान वाचायची वेळ आली नव्हती. एका कानाच्या कडेला एकक, दुसऱ्यावर दशक, जितका आकडा तितक्या खाचा. आमच्या कॉलेजात शिकवलं होतं, उजव्या कानावर एकक. उंदीर जाळीवर पाठमोरा ठेवला की त्याचा उजवा तो आपलाही उजवा. मी तसंच वाचलं. उजव्यावर दोन खाचा, डाव्यावर एक. बारा. पेन्सिल, झटका, टक. बाकी एकोणचाळीसांबरोबर पिशवीत टाकला, पिशवी थंड खोलीत ठेवली आणि हात धुतले. मला वाटलं, आज ताई शाबासकी देईल.

अर्ध्या तासाने ती एकवीसला न्यायला आली. पिंजऱ्यातला उरलेला नर मानगूट धरून उचलला, तोंड आपल्याकडे करून कान बघितले आणि तशीच थांबली.

"हा बारा आहे," ती म्हणाली.

"नाही ताई, एकवीस. उजव्या कानावर..."

"कुणाच्या उजव्या?"

पिंजरे धुणारे मामा दारात उभे होते. तीस वर्षं त्यांनी हेच काम केलेलं. ते हळूच म्हणाले, "पोरी, इथे उंदीर समोर धरतात आणि आपला उजवा बघतात. सांगितलं नाही का कुणी?"

नव्हतं सांगितलं. त्यांच्यासाठी ते इतकं रोजचं होतं की सांगायचं असतं हेच कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ताईने बाराला अलगद पिंजऱ्यात ठेवलं, बाजूला पडलेली पिंजऱ्याची लोखंडी जाळी उचलली आणि माझ्या तोंडावर मारली.

मी मांडणीवर आदळले. दोन पिंजरे खाली आले. तोंडात आधी काहीतरी खडीसारखं लागलं, मग गरम रक्त. मामा ओरडले. ताईने दुसऱ्यांदा जाळी उगारली, आणि मला आजही वाटतं, ती मारणारच होती. पण तिची नजर घड्याळाकडे गेली. जाळी तिने तिथेच टाकली.

"कधी मारलास? किती वेळ झाला?"

"अर्धा तास."

"ऊठ. पिशवी आण."

स्टीलच्या टेबलावर तिने चाळीस मेलेले उंदीर ओतले. सगळे पांढरे, सगळे सारखे. दोघी दोन्ही बाजूंनी कान बघू लागलो. माझ्या हनुवटीवरून रक्त ठिबकत होतं आणि ती प्रत्येक थेंबाला शिवी घालत होती. एकवीस मलाच सापडला. तिने तो हिसकावून घेतला, पोट कात्रीने उभं फाडलं, आतून दोन वाटोळे गोळे आणि त्यांना चिकटलेली बारीक नळी कापून घेतली आणि कोमट द्रावाच्या थेंबात सोडून नळीला छेद दिला. मग शुक्राणू जिवंत आहेत का ते बघायला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"हलतायत," ती म्हणाली.

पण अंडी हवीत, आणि अंड्यांसाठी माद्यांना दोन दिवस आधी इंजेक्शनं द्यावी लागतात. तशा तयार आठ माद्या त्या दिवशी अख्ख्या इमारतीत एकाच माणसाकडे होत्या. सरांच्या स्वतःच्या प्रयोगासाठी, त्याच दुपारसाठी. ताईने त्यांचा पिंजरा उचलून आणला, गर्भ वाढवायला ठेवलेल्या दोन माद्याही आणल्या, आणि आठजणी माझ्यासमोर ठेवल्या.

"मी अंडी काढते. तू मार. एकदाच, जोरात."

मी आठही मारल्या. मला रडायला येत होतं, राग येत होता, दात ठणकत होता. तिचा गळा दाबावासा वाटत होता. पण हात एकदाही लटपटला नाही.

चौथ्या मादीला सर आले. दाराला काच होती, त्यातून त्यांनी आपला पिंजरा बघितला. मी जाऊन कडी घातली. कडी जुनी, म्हणून पाठ लावून उभी राहिले. सरांनी दारावर लाथ मारली.

"दार उघड! तुझी नोंदणी आजच्या आज रद्द करतो!"

दुसरी लाथ पाठीत बसल्यासारखी लागली. तिसरीला काच फुटली आणि माझ्या मानेत तुकडे गेले. मी हलले नाही. हे धैर्य वगैरे नव्हतं. एकवीसला मी मारलं होतं आणि ते मला सहन होत नव्हतं. मधेच ताई म्हणायची "पुढची", आणि मी पाठ दाराला लावूनच, पायाशी ओढून घेतलेल्या जाळीवर वाकायचे. सर बाहेरून काय काय बोलत होते ते लिहिण्यासारखं नाही.

अंडी आणि वीर्य एका थेंबात गेल्यावर ताईने बशी उबेच्या पेटीत ठेवली, हातमोजे काढले आणि दार स्वतः उघडलं. सरांनी तिची वेणी धरून तिला भिंतीवर आपटलं. तिने हात वर केला नाही. "पेटी उघडू नका, सर," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातले बावीस गर्भ तिने त्या दोन माद्यांच्या पोटात ठेवले. सरांनी आडकाठी केली नाही. झालं तर नाव त्यांचंच लागणार होतं. दुपारी त्यांनी तक्रार दिली.

चौकशीला तीन जण बसले. सरांच्या बाटल्या, लाथा, वेणी यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. प्रश्न एकच होता, ताईने विद्यार्थिनीला मारलं का? मारलं असेल तर ती जाणार. आदल्या संध्याकाळी आई फोनवर म्हणाली होती, "जिने तुझा दात पाडला तिला वाचवशील तर घरी येऊ नकोस." सुजलेल्या तोंडाने मी समितीला सांगितलं, "पाय घसरला. मांडणीवर पडले."

"खोटं आहे," ताई म्हणाली.

अध्यक्षांनी तिला गप्प बसायला सांगितलं. ती उभी राहिली.

"मी मारलं. लोखंडी जाळीने. तिची चूक होती, पण ती चूक आम्ही तिला शिकवली नाही म्हणून झाली. दुसऱ्यांदाही मारणार होते. नऊ वर्षं मी कोण कुणाला चावलं ते लिहीत आलेय. माझं तेवढं खोटं लिहू नका."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू मला वाचवायला बघतेस? माझी आईही शेजाऱ्यांना असंच सांगायची. पाय घसरला." मला रडू आवरेना. त्या दिवशी तिने मला जाळी मारली त्यापेक्षा हे जास्त लागलं.

तिला त्याच दिवशी काढलं. चावी, ओळखपत्र, वह्या सगळं जमा. तिने एवढंच मागितलं की पिल्लं होईपर्यंत, एकोणीस दिवस, उंदीरखोलीत येऊ द्या. अध्यक्ष नाही म्हणाले. माझी नोंदणी काही रद्द झाली नाही, सरांना ते उंदीर सांभाळायला कुणीतरी हवंच होतं. त्या पिल्लांतले दोन नर पुढे मोठे झाले आणि दहा-दहा मिनिटं परक्यासमोर बसून चावले नाहीत, पण ते सगळं नऊ आठवड्यांनंतरचं.

विसाव्या दिवशी सकाळी मी पिंजरा बघितला. कापसात गुलाबी, बोटाच्या पेराएवढी सहा पिल्लं वळवळत होती. मी तिथेच फोन काढला. पलीकडे वडिलांच्या खोकल्याचा आवाज येत होता.

"ताई, सहा! सहा झालीत! सगळी हलतायत!"

मग ती बोलली, आणि आवाज इतका घोगरा होता की आधी मी ओळखलाच नाही.

"तू कुठे उभी आहेस?"

"इथेच. पिंजऱ्याजवळ."

"अगं गाढवे, पिंजऱ्याजवळ उभी राहून ओरडतेस? आई घाबरली तर एकेक खाऊन टाकेल! बाहेर हो! आधी बाहेर हो!"

मी पावलांचा आवाज न करता बाहेर आले आणि दार लावून घेतलं. "ताई, बाहेर आले," मी म्हणाले. फोन केव्हाच ठेवलेला होता.